धुरीकाकांची खुर्ची

आमच्या कंपनीच्या मते जयवंत धुरी हा माणूस कामात काडीची भर घालत नाही आणि त्याचं मनही ठिकाणावर नाही. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. तसा अहवाल आहे, रंगीत छापलेला, आणि त्यात धुरीकाकांच्या ओळीपुढे लाल ठिपका आहे. त्यांचं नाव छापलेलं नाही म्हणा. 'कंट्रोल रूम, वय पन्नासच्या वर, नोकरी पंधरा वर्षांहून जास्त' एवढंच आहे. कंट्रोल रूममध्ये माणसं तीन, त्यातली दोन तिशीच्या आतली. उरलं कोण, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

तो कागद वाचल्यापासून माझ्या अंगाचा तिळपापड होतोय, आणि त्यातला थोडा राग माझा माझ्यावरच आहे. तो का, ते पुढे येईलच. आधी माणूस सांगते.

आमची कंपनी लिफ्टच्या देखभालीची. ऑफिस अंधेरीला, मरोळच्या एका गाळ्यांच्या इमारतीत. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, सांताक्रूझ मिळून नऊशेच्या वर लिफ्ट आमच्याकडे आहेत. लिफ्ट मध्येच अडकली की आतला माणूस घंटेचं बटण दाबतो आणि तो फोन थेट आमच्या कंट्रोल रूममध्ये वाजतो. तिथे एकोणीस वर्षं धुरीकाका बसले. मी, किरण ओव्हाळ, त्याच मजल्यावर सुट्या भागांच्या मागण्या बघते. मधली भिंत प्लायवूडची, त्यामुळे बारा वर्षं मी त्यांचं बोलणं ऐकत आले.

फोन घेणाऱ्याने काय करायचं ते ठरलेलं आहे. इमारत कुठली, लिफ्ट कितवी, आत किती माणसं, एवढं विचारायचं. त्या भागातल्या मेकॅनिकला कळवायचं. 'मदत निघाली आहे, घाबरू नका' असं सांगायचं आणि फोन ठेवायचा. दीड मिनिटात सगळं उरकलं पाहिजे असा नियम. काका यातलं सगळं करायचे, फक्त फोन ठेवायचे नाहीत. आणि 'घाबरू नका' हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की घाबरलेल्या माणसाला घाबरू नका म्हटलं की तो आणखी घाबरतो. ते म्हणायचे, आधी खाली बसा, कपडे मळले तर मळू देत. मग म्हणायचे, दाराच्या फटीला तळहात लावा, वारा लागतोय ना, म्हणजे हवा येतेय. तो माणूस 'हो' म्हणाला की लगेच घरच्या गोष्टी सुरू. पिशवीत भाजी कुठली? मेथी? मग आज निवडणार कोण, तुम्ही की सूनबाई? दुसऱ्या हाताने मोबाइलवर मेकॅनिकला विचारायचं, कुठवर आलास रे. मेकॅनिक पोचेपर्यंत वीस मिनिटं जावोत नाहीतर पन्नास, काका लाइनवर.

लिफ्टमध्ये हवा संपून कोणी जात नाही, हे मला काकांनी शिकवलं. माणूस जातो तो धीर सुटला की. दार ओढून उघडतो, बघतो तर लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध. वाटतं, एवढीशी तर उडी आहे. पाय सरकला की खालच्या मोकळ्या खड्ड्यात. एकोणीस वर्षांत काका लाइनवर असताना एकाही माणसाने दाराला हात लावला नाही. ही गोष्ट कंपनीच्या एकाही कागदावर लिहिलेली नाही.

आणि काका ती स्वतः सांगणार? अहो, हा माणूस स्वतःचं कौतुक ऐकताना असा कसनुसा होतो, की त्याचीच आपल्याला कीव यावी. घर नाहूरला, मूळ गाव कुडाळजवळ, वडील गिरणीत होते. त्या वडिलांनी म्हणे एकच गोष्ट बजावून सांगितलेली, की आपण केलेलं काम आपल्या तोंडानं बोलू नये, बोललं की ते नासतं. एकदा घाटकोपरच्या एका सोसायटीतल्या बायका शाल-नारळ घेऊन ऑफिसात आल्या. त्यांच्यातल्या एका गरोदर बाईला काकांनी तासभर धीर दिला होता. काकांना सुगावा लागला तसे ते जे जिन्यात जाऊन बसले ते बायका जाईपर्यंत वर आले नाहीत. शाल मिळाली सीतारामला. सीताराम म्हणजे आमचा मुलुंड-घाटकोपरचा मेकॅनिक, त्याने दार उघडलं होतं ना. नंतर मी काकांवर चिडले, तर म्हणाले, "मी काय करतंय गो? बसान गजाली करतंय. दार उघडता तो सीताराम."

अशा माणसाच्या हातात गेल्या फेब्रुवारीत कंपनीने तो फॉर्म दिला.

हेड ऑफिसच्या कुणाच्या तरी डोक्यात आलं, की कर्मचाऱ्यांना 'आपल्या कामाचा काही उपयोग होतोय' असं किती वाटतं आणि त्यांचं मानसिक आरोग्य कसं आहे, हे मोजायचं. एचआरच्या दिशा मॅडमकडे ते काम आलं. वय सत्तावीस, बोलायला गोड, कोणाचं वाईट करण्याची पोरीला इच्छा नाही, हे मी आधीच सांगून टाकते. इच्छा असती तर भांडायला सोपं गेलं असतं. फॉर्म इंग्रजीत होता, मेकॅनिक लोकांना तो कळेना, म्हणून त्यांनी मला विचारलं, किरण, मराठी करून देशील का? मी शनिवार-रविवार बसून केलं. तेवीस वाक्यं. शेवटचं हो-नाहीचं सोडून प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे, एक म्हणजे अजिबात पटत नाही, पाच म्हणजे पूर्ण पटतं. त्यातलं पहिलंच वाक्य होतं, 'माझ्या कामामुळे कंपनीच्या यशात मोलाची भर पडते.' मोलाची हा शब्द माझा, आणि तो सुचला म्हणून मी तेव्हा खूश झाले होते.

जेवणाच्या सुट्टीत काका फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, काय लिहू? मी म्हटलं, खरं ते लिहा काका, यात नाव येत नाही, मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलंय. माझा माझ्यावरचा राग म्हटलं ना, तो हा.

पहिल्या वाक्यापुढे त्यांनी दोनवर गोल केला. मी म्हटलं, अहो हे काय, पाच करा. तर माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी त्यांना देवापुढची दक्षिणा उचलायला सांगतेय. "आपलीच आरती आपणच ओवाळूची काय?" एक गोल करणार होते, पण मीठ खाल्लेल्या घराला एक देणं बरं दिसत नाही म्हणून दोन केला. 'मी नसलो तर माझ्या कामात अडचण येईल' याच्यापुढे एक. मुंबईत कोणावाचून कोणाचं अडत नाही म्हणाले. पण 'कामाचे विचार घरी गेल्यावरही माझ्या मनात राहतात' याच्यापुढे त्यांनी पाचवर ठसठशीत गोल केला, आणि तोही मान वर करून. ज्याच्याशी आपण पाऊण तास बोललो तो सुखरूप घरी गेला का, हे मनात येणार नाही तो माणूस कसला, असं त्यांचं मत. शेवटी होतं, 'गेल्या महिन्यात कामावर असताना मला रडू आलं.' काकांनी 'हो'वर खूण केली.

ते रडू मला माहीत होतं. जानेवारीत मुलुंडला सात वर्षांची एक मुलगी एकटीच अडकली होती, चाळीस मिनिटं. काकांनी तिच्याकडून तिची शाळेतली कविता शिकून घेतली, मुद्दाम चुकत चुकत, म्हणजे ती रागावून परत शिकवेल. दार उघडल्याचा आवाज आला, पाठोपाठ तिच्या आईचा. काकांनी फोन ठेवला आणि टॉवेल तोंडाला लावून रडले. मीही भिंतीच्या अलीकडे रडले. मला तर वाटतं त्या दिवशी जो रडला नसता त्यालाच डॉक्टरकडे न्यायला हवं होतं.

मार्चअखेर अहवाल आला. दोन, एक, पाच आणि हो, यांची काय बेरीज-वजाबाकी झाली देव जाणे, पण काका लाल झाले. दिशा मॅडमनी त्यांना काचेच्या खोलीत बोलावलं, पाणी दिलं, टिशूचा डबा पुढे सरकवला. म्हणाल्या, काका, तुम्हाला तुमच्या कामाचा काही उपयोग वाटत नाही, झोपताना कामच डोक्यात, वर रडू येतं, हे एवढं सगळं तुम्ही एकटे सोसत होतात, आम्हाला वाईट वाटतं. काका म्हणाले, अहो मी मजेत आहे. मॅडमनी लिहून घेतलं, की कर्मचारी भावना दडपतो. हे मला त्यांनीच नंतर काळजीच्या सुरात सांगितलं. मी म्हटलं, मॅडम, आमच्याकडे माणसं स्वतःला पाच देत नाहीत हो. त्या म्हणाल्या, तेच तर बदलायचंय ना.

एप्रिलच्या एक तारखेला काकांची खुर्ची गेली. त्यांच्या भल्यासाठी. त्यांना तळमजल्यावर जुन्या फायलींच्या खोलीत पाठवलं, ताण नसलेलं काम म्हणून. करारांचे जुने कागद काढायचे, टाचणी उपसायची, स्कॅन करायचे, परत टाचायचे. दोन हजार सात सालच्या कुठल्याशा लिफ्टच्या ग्रीसच्या पावत्या. त्या कोणी कधी उघडून बघणार नाही, हे काकांना ठाऊक, मॅडमना ठाऊक, ग्रीस लावणाऱ्यालाही ठाऊक. खिडकी नाही. दिवसभरात एक शब्द बोलायला माणूस नाही.

वर समुपदेशन. दर बुधवारी साडेतीनला फोनवर पाऊण तास, अशा आठ वेळा. तिसऱ्या बुधवारी मी कागद घ्यायला खाली गेले, तर काका फोनवर म्हणत होते, आधी खाली बस बाळा, चहा घेतलास का? समुपदेशन करणाऱ्या मुलीचीच आई आजारी होती. पुढचे पाचही बुधवार काकांनी तिलाच धीर दिला. आठव्या बुधवारी तिने अहवाल पाठवला, की प्रगती समाधानकारक आहे. तिची होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

वर कंट्रोल रूममध्ये दीड मिनिटाचा नियम आता कडक पाळला जायला लागला. त्या दोन मुलांचा दोष नाही, त्यांच्या समोर पडद्यावर सेकंद मोजणारं घड्याळ लावलंय. भिंतीपलीकडून मला दिवसभर एकच ऐकू यायचं, मदत निघाली आहे, घाबरू नका.

ऑगस्टमध्ये मुलुंडच्या एका इमारतीत एक आजोबा अडकले. वय बाहत्तर, एकटेच. त्यांनी चार वेळा बटण दाबलं. चारही वेळा त्यांना सांगितलं, मदत निघाली आहे, घाबरू नका. पाचव्यांदा त्यांनी बटण दाबलंच नाही. दार ओढून उघडलं आणि खालच्या मजल्यावर उतरायला गेले. नशीब म्हणून खड्ड्यात गेले नाहीत, बाहेरच्या फरशीवर पडले, पण खुब्याचं हाड मोडलं. सीतारामने पोचल्यावर त्यांना उचललं. कंपनीच्या नोंदीत काय आहे माहितीये? 'प्रवाशाने सूचना पाळल्या नाहीत. फोनचा सरासरी वेळ ८४ सेकंद, उत्तम.' उत्तम. म्हातारा माणूस अंथरुणाला खिळला आणि यांचं उत्तम.

दुसऱ्या दिवशी सीताराम तळमजल्यावर येऊन हे सांगत होता तेव्हा मीही तिथेच होते. काकांनी इमारतीचं नाव विचारलं. मग म्हणाले, दोन नंबरची लिफ्ट? चौथ्या-पाचव्याच्या मध्ये? सीतारामने मान हलवली. काका त्या आजोबांशी आधी दोनदा बोलले होते. निवृत्तीनंतर आजोबा पेटी शिकत होते. काका म्हणाले, त्यांना फक्त पेटीचं विचारायचं असतं, मग अर्धा तास कसा जातो कळत नाही. असं म्हणून त्यांनी हातातला टाचण्या उपसायचा चिमटा टेबलावर आपटला. बारा वर्षांत त्यांना वस्तू आपटताना मी पहिल्यांदा पाहिलं. जराशाने मला म्हणाले, "किरण, माका सांग, हिरवो कसो होवचो?"

सप्टेंबरात फॉर्म पुन्हा येणार होता. हिरवे झालो की आजार संपला, आजार संपला की खुर्ची परत, असा त्यांचा साधा हिशेब. मलाही तो पटला, म्हणूनच तर म्हणते, अक्कल माझीही गहाण पडली होती. मी म्हटलं, काका, जिथे कौतुक दिसेल तिथे पाच आणि जिथे त्रास दिसेल तिथे एक. डोळे मिटून. ते फॉर्म भरायला बसले तेव्हा मी शेजारीच होते. 'माझ्या कामामुळे कंपनीच्या यशात मोलाची भर पडते.' पाच. समोर टाचण्यांचा ढीग आणि काका पाचवर गोल करतायत. कामाचे विचार घरी येतात का, एक. हे मात्र खरंच होतं, ग्रीसच्या पावत्यांचे विचार कोणाच्या घरी येणार? रडू आलं का, नाही. भरून झाल्यावर ते नळावर जाऊन हात धुऊन आले.

ऑक्टोबरात निकाल लागला. काका हिरवे. नुसते हिरवे नाहीत, लालवरून एकदम हिरवे झालेले सगळ्या शाखांत ते एकटेच.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मला म्हणाले, चल माझ्याबरोबर, मला नीट बोलता येणार नाही. आम्ही काचेच्या खोलीत गेलो. दिशा मॅडम उठून उभ्या राहिल्या, काकांचा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. काकांनी हात सोडवून घेतला आणि सरळ म्हणाले, मॅडम, मी बरा झालो, आता माझी खुर्ची द्या.

मॅडमचा चेहरा उतरला. म्हणाल्या, काका, त्या खुर्चीवर तुम्ही लाल होतात, इथे हिरवे झालात, मग मी तुम्हाला परत तिथे कशी पाठवू? ती माझी चूक ठरेल.

मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनी मला हाताने थांबवलं. ते उभेच होते. म्हणाले, आत्ताचा फॉर्म खोटा आहे, मी खुर्चीसाठी पाच लिहिले. मॅडम हसल्या. म्हणाल्या, बरं वाटायला लागलं की सुरुवातीला माणसाला ते खरंच वाटत नाही.

"आणि पहिला पण खोटाच होता," काका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. चारचौघांत शिवी द्यावी लागत असल्यासारखं ते एकेक शब्द ओढून काढत होते. "माझ्या कामाचा उपयोग होतो, मॅडम. खूप होतो. त्या खुर्चीवर बसून मी जे करतो, ते तुमच्याकडे दुसऱ्या कोणाला येत नाही. मी तिथे असतो तर ते आजोबा पडले नसते."

या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा आपल्या तोंडाने आपलं काम सांगितलं होतं, वडिलांचा शब्द मोडून. मला वाटलं, आता तरी.

मॅडमनी दोन्ही हात छातीशी नेले. "बघा काका," त्या म्हणाल्या, "हा आत्मविश्वास. सहा महिन्यांपूर्वी तुम्ही असं बोलू शकला असतात का?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'बरोबर आहे' म्हणाले आणि खाली गेले.

मी वळले तर मॅडमनी हाक मारली. काकांची वाक्यं त्यांनी वहीत उतरवून घेतली होती. उपक्रमाचं यश म्हणून ती हेड ऑफिसला दाखवायची होती, काकांच्या फोटोखाली. मला म्हणाल्या, किरण, याचं छान इंग्रजी करून देशील? शेवटचं आजोबांचं तेवढं नको घेऊस.

मी नाही म्हटलं. बारा वर्षांत या ऑफिसात मी पहिल्यांदा नाही म्हटलं, आणि माझा आवाज जरा चढलाच. मग म्हटलं, त्या फॉर्मला मी मराठी दिलं हीच माझी चूक झाली, तुमच्या त्या ठिपक्यांपायी एका म्हाताऱ्याचं हाड मोडलं, आणि तुम्हाला त्याच्यावर फोटो छापायचाय. बोलता बोलता मला रडू फुटलं, रागाचं.

दिशा मॅडम टेबलाला वळसा घालून आल्या. खरंच मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"किरण," त्या म्हणाल्या, "तू बस आधी. किती दिवस होतंय तुला असं?"

आणि टिशूचा डबा त्यांनी माझ्या पुढ्यात सरकवला.